चुलीचा धूर आणि उजवें हृदय

जुन्या मुंबई-पुणें रस्त्यानें तळेगांव दाभाडे मागें टाकून पुण्याकडे निघालें म्हणजे सोमाटणें लागतें. एका अंगास लोहमार्ग, दुसऱ्या अंगास पवनेचें खोरें, समोर घोरावडेश्वराचा डोंगर आणि भोंवतीं भाताचीं खाचरें, असें हें मावळांतील गांव आहे. आषाढ लागला कीं मावळांतील पाऊस कांहीं दिवस उघडीप देत नाहीं. सरपण भिजतें, गोवऱ्या सादळतात, वाऱ्यापावसाच्या भीतीनें दारें लावून घ्यावीं लागतात. जुन्या पद्धतीच्या घरांत स्वैपाकघर म्हणजे बहुधा बिनखिडकीची काळोखी खोली असे. फुंकणीनें फुंकून फुंकून चूल पेटवावयाची; धूर कौलांच्या फटींतून जाईल तेवढा जाई व उरलेला चुलीपुढें बसलेल्या बाईच्या छातींत जाई. धुरानें वांसे टिकतात, त्यांस कीड लागत नाहीं, डांस पळतात, असे त्याचे गुणच लोक गात. वांशांवर धरलेलें काजळ सर्वांस दिसत होतें. फुप्फुसांत काय धरतें तें कोणास दिसत नव्हतें.

असा धूर चाळीस-पन्नास वर्षें घेतलेली एखादी वृद्धा घेतली तर तिचें दुखणें बहुतेक एकाच क्रमानें पुढें सरकतें. प्रथम पावसाळ्यापुरता खोकला, मग बारमाही खोकला. पुढें पाण्याची कळशी आणतांना धाप लागूं लागते. त्यानंतर कांहीं वर्षांनीं एके दिवशीं संध्याकाळीं पायांवर सूज दिसते. बोटानें दाबलें तर खळगा पडतो. घरचीं माणसें म्हणतात, वय झालें. शेजारीण म्हणते, अंगांत रक्त नाहीं. बाईनें जन्मांत विडीला हात लावलेला नसतो, तेव्हां छातीचा विचार कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु पायांवरील ती सूज हृदयाच्या उजव्या भागांतून आलेली असते, हृदयाचा तो बिघाड फुप्फुसांतून आलेला असतो, आणि फुप्फुसांचा बिघाड चुलींतून आलेला असतो. चूल, फुप्फुस, हृदय व पाय या चार कड्यांची सांखळी जोडण्यास मनुष्यजातीला कित्येक शतकें लागलीं. तिचा इतिहास मनोवेधक आहे आणि मावळांतल्या स्वैपाकघराशीं त्याचा फार जवळचा संबंध आहे.

धुरानें श्वास बिघडतो ही गोष्ट आर्यवैद्यकास नवीन नव्हती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास व क्षुद्रश्वास असे श्वासरोगाचे पांच प्रकार सांगितले असून त्यांच्या कारणांत धूळ व धूर यांची स्पष्ट गणना केलेली आहे. हृद्रोगाचा विचार मात्र त्याच ग्रंथांत निराळ्या ठिकाणीं येतो. या दोहोंमधील दुवा रक्ताच्या फेऱ्यांत आहे, आणि तो फेरा उलगडेपर्यंत हा दुवा सांपडणें शक्य नव्हतें.

युरोपांत तेराशें वर्षें गेलेन या ग्रीक वैद्याचा शब्द प्रमाण मानला जात होता. हृदयाच्या उजव्या व डाव्या कप्प्यांमधील पडद्यास सूक्ष्म छिद्रें असून रक्त त्यांतून पाझरतें, असें त्याचें मत होतें. तेराव्या शतकांत कैरो येथील इब्न अल्-नफीस या वैद्यानें, पडद्यास छिद्र नाहीं, रक्त उजव्या कप्प्यांतून फुप्फुसांत जातें व तेथें हवेशीं संयोग पावून डाव्या कप्प्यांत येतें, असें निःसंदिग्धपणें लिहून ठेविलें. पण हा लेख जगाच्या विस्मरणांत गेला. १९२४ सालीं बर्लिन येथील ग्रंथालयांत त्याची हस्तलिखित प्रत एका ईजिप्शियन वैद्याच्या दृष्टीस पडली, तेव्हां कोठें त्याचें श्रेय त्यास मिळालें. तोंवर इंग्लंडांतील विल्यम हार्वेनें १६२८ सालीं, म्हणजे शिवजन्माच्या दोन वर्षें आधीं, रक्ताभिसरणाचा सिद्धांत स्वतंत्र रीतीनें मांडला होता. हृदयांतून दर घटकेस बाहेर पडणाऱ्या रक्ताचा त्यानें साधा हिशेब केला. एवढें रक्त शरीर सारखें नवें निर्माण करूं शकणार नाहीं. तेव्हां तेंच रक्त फिरून फिरून येत असलें पाहिजे, असा त्याचा बिनतोड युक्तिवाद होता. रोहिणींतून नीलेंत रक्त कसें उतरतें हें मात्र त्यास दिसलें नव्हतें. तें दाखविलें इटलींतील मालपीघीनें. ज्या १६६१ सालीं मावळच्या घाटाखालीं उंबरखिंडींत कारतलबखानाच्या फौजेची कोंडी झाली, त्याच सालीं मालपीघीला सूक्ष्मदर्शकाखालीं बेडकाच्या फुप्फुसांत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचें जाळें दिसलें. ह्या केशवाहिन्या म्हणजेच पुढच्या साऱ्या कथेचें रणक्षेत्र होय.

मनुष्याचें हृदय दिसावयास एक असलें तरी तें वस्तुतः दोन पंपांचें जोडकाम आहे. डावा पंप शुद्ध रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सर्व शरीरांत पोंचवितो. उजवा पंप शरीरांतून परत आलेलें अशुद्ध रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांत लोटतो. दोघांकडून जाणारें रक्त सारखेंच, विश्रांतींत मिनिटास सुमारें पांच लिटर. पण श्रम मात्र सारखे नाहींत. डाव्या बाजूच्या रोहिणींतील दाब सरासरीनें पाऱ्याच्या ९० ते १०० मिलिमीटर असतो, तर फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणींत तो १५ च्या आंतबाहेर असतो. कारण फुप्फुसांतील केशवाहिन्या असंख्य, रुंद व मोकळ्या. तेथें रक्ताला अडथळा म्हणून कसला तो नाहीं. म्हणूनच उजव्या कप्प्याची भिंत डाव्याच्या सुमारें एकतृतीयांश जाडीची असते.

ही गोष्ट सोमाटण्यावरून जाणाऱ्या आगगाडीच्या दृष्टांतानें चटकन् ध्यानांत येईल. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतचा लोहमार्ग १८५८ सालीं सुरू झाला, कारण ती बहुतेक सपाटी होती. भोर घाटाचा मार्ग पुरा होण्यास १८६३ साल उजाडलें. सपाटीवर एक इंजिन गाडी सहज ओढून नेतें. परंतु घाटांत जेथें ३७ फुटांस एक फूट चढ आहे, तेथें बहुतेक गाड्यांस कर्जतला मागून जादा इंजिनें जोडावीं लागतात. हृदयाचा उजवा कप्पा हें असें सपाटीचें इंजिन आहे. फुप्फुसांत जर उद्यां घाट उभा राहिला, तर त्याला मागून लावण्यास दुसरें इंजिन नाहीं. त्यानें एकट्यानेंच तो चढ चढावयाचा असतो.

फुप्फुसांत घाट उभा राहतो तो तीन प्रकारांनीं. दीर्घकाळच्या रोगानें वायुकोशांच्या भिंती फाटून नाहींशा होतात व त्यांबरोबर केशवाहिन्यांचें जाळेंही नष्ट होतें. म्हणजे वाटाच कमी होतात. उरलेल्या वाटा प्राणवायूच्या अभावीं आकुंचन पावतात. शिवाय प्राणवायूची उणीव भरून काढण्यासाठीं शरीर तांबड्या पेशी अधिक निर्माण करतें, त्यानें रक्त दाट होतें व दाट रक्त लोटावयास अधिक जोर लागतो. प्रथम उजवा कप्पा तालमींतील पैलवानाच्या दंडासारखा जाड होतो. पुढें तो ताणून फुगतो. आणि शेवटीं थकतो. तो थकला कीं मागचें रक्त तुंबतें. मानेवरील शिरा फुगून दिसूं लागतात, यकृत वाढून उजव्या कुशींत जडपणा येतो आणि पायांवर पाणी उतरतें. ही झाली सावकाश होणारी गोष्ट. पायांतील शिरेंत गोठलेली रक्ताची गांठ सुटून एकाएकीं फुप्फुसाच्या रोहिणींत अडकली तर हाच प्रसंग कांहीं घटकांत ओढवतो.

हें ज्ञान तुकड्यातुकड्यांनीं जमलें. फ्रान्समध्यें लेनेक या वैद्यानें १८१६ सालीं कागदाची सुरळी करून तिच्यांतून छातीचे आवाज ऐकले व त्यांतून स्टेथोस्कोप जन्मास आला. १८१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें वायुकोश फुगण्याच्या विकाराचें मार्मिक वर्णन केलें. ज्या क्षयरोगाचे आवाज त्यानें जगास ऐकावयास शिकविले, त्याच रोगानें तो १८२६ सालीं मरण पावला. पुढें १९०१ सालीं आर्जेंटिनांतील ब्यूनोस आयरिस येथें आयेर्झा या अध्यापकानें दीर्घ श्वासरोगानें काळेनिळे पडलेल्या व हृदय थकलेल्या रोग्यांवर व्याख्यान देऊन त्यांस ‘काळे हृद्रोगी’ असें नांव दिलें. १९३१ सालीं अमेरिकेंतील हृद्रोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांच्या ग्रंथानें ‘कॉर पल्मोनेल’ हा शब्द रूढ केला. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ इतकाच कीं ‘फुप्फुसी हृदय’. रोग छातीचा, पण भोगणारें हृदय.

तरीही हें सारें बाहेरून केलेलें अनुमान होतें. जिवंत माणसाच्या हृदयांत उतरून दाब मोजल्याखेरीज पुरावा मिळणार नव्हता, आणि हृदयाला स्पर्श म्हणजे मृत्यू, अशी सार्वत्रिक समजूत होती. ती १९२९ सालीं जर्मनींतील वेर्नेर फोर्समान या तरुण डॉक्टरानें मोडली. त्यानें स्वतःच्याच दंडांतील शिरेंतून एक बारीक नळी हृदयाच्या उजव्या भागापर्यंत सरकविली आणि तशाच स्थितींत चालत क्ष-किरणांच्या खोलींत जाऊन तिचें छायाचित्र घेवविलें. या साहसाबद्दल त्याला त्यावेळीं शाबासकीऐवजीं बोलणींच खावीं लागलीं. परंतु न्यूयॉर्कमध्यें कूर्नां व रिचर्ड्स या दोघांनीं तीच नळी वापरून उजव्या कप्प्यांतील व फुप्फुस-रोहिणींतील दाब मोजण्याची शास्त्रीय पद्धत बसविली, आणि १९५६ सालचें नोबेल पारितोषिक या तिघांस मिळून देण्यांत आलें. मधल्या काळांत, १९४६ सालीं, स्टॉकहोम येथें फॉन ऑयलर व लिलियेस्ट्रांड यांनीं मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं श्वासांतील प्राणवायू कमी केला तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आंखडतात. शरीराच्या इतर भागांत प्राणवायू कमी झाला तर त्या रुंदावतात; फुप्फुसांत मात्र उलट.

हा उलटा न्याय कां, हें मावळांतील शेतकऱ्यास सांगावयास नको. ज्या वाफ्यांत पीक नाहीं त्याचें तोंड मातीनें बुजवून तो पाटाचें पाणी पिकाच्या वाफ्याकडे वळवितो. फुप्फुसाच्या ज्या कोपऱ्यांत हवा येत नाहीं तेथें रक्त पाठवून उपयोग काय? म्हणून तेथील वाहिनी आंखडते व रक्त हवेशीर भागाकडे वळतें. एखादा कोपरा बंद असतांना ही योजना फार शहाणपणाची आहे. पण रोग साऱ्या फुप्फुसांत पसरला म्हणजे सर्वच वाफ्यांचीं तोंडें बुजविलीं जातात, पाणी पाटांत तुंबतें, आणि अखेर फुटतो तो पाटाचा बांध.

आतां प्रश्न उरला तो मूळ कारणाचा. पाश्चात्य देशांत या रोगाचा ठपका तंबाखूवर व कारखान्यांच्या धुरावर ठेवण्यांत आला, व तो बरोबरच होता. १९५२ च्या डिसेंबरांत लंडन शहरावर पांच दिवस कोळशाच्या धुराचें दाट धुकें बसलें, तेव्हां त्या वेळच्या गणनेप्रमाणें सुमारें ४,००० लोक मेले. त्यांत जुन्या छातीच्या व हृदयाच्या रोग्यांचा भरणा मोठा होता. पण हिंदुस्थानांतील कोडें निराळें होतें. दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयांत हृद्रोगविभाग उभारणाऱ्या डॉ. पद्मावती यांना तें प्रथम स्पष्ट दिसलें. ब्रह्मदेशांत १९१७ सालीं जन्मलेल्या या विदुषींनीं अमेरिकेंत हेलन टॉसिग व उपर्युक्त पॉल व्हाइट यांच्या हाताखालीं शिक्षण घेतलें होतें. १९५९ सालीं त्यांनीं व त्यांचे सहकारी पाठक यांनीं दिल्लींतील अशा १२७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विडी-सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया त्यांत फार थोड्या; तरीही स्त्रियांचें प्रमाण पुरुषांहून कमी नव्हतें. शोध घेतां बोट वळलें तें घरच्या चुलीकडे. नेपाळच्या डोंगराळ भागांत डॉ. पांडे यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींतही घरांतील धूर व दीर्घ खोकला यांचें असेंच नातें दिसून आलें. आणि पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनीं २००९ सालीं ‘लॅन्सेट’ या प्रख्यात नियतकालिकांत, धूम्रपान न करणाऱ्यांच्या श्वासरोगाचा जगभरचा आढावा बार्न्स यांच्यासह घेऊन लांकूड, गोवरी व काटक्याकुटक्या यांच्या धुराकडे साऱ्या वैद्यकजगताचें लक्ष वेधलें. डॉ. पद्मावती १०३ वर्षांच्या होऊन २०२० च्या ऑगस्टांत निवर्तल्या, तेव्हां त्यांनीं दाखविलेली गोष्ट जगन्मान्य झालेली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील धुरामुळें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष मृत्यू झाले.

महाराष्ट्रांत या रोगाला चुलीखेरीज आणखीही वाटा मिळाल्या. क्षय ही त्यांतील सर्वांत जुनी. थोरल्या माधवरावांना राजयक्ष्म्यानें १७७२ सालीं थेऊरास नेलें, तेव्हां त्यांचें वय अवघें सत्तावीस होतें. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंत पदवी घेऊन परतल्या व १८८७ च्या फेब्रुवारींत याच रोगानें पुण्यांत वारल्या. १९१२ सालीं डॉ. बिलीमोरिया यांनीं पांचगणीस क्षयाचें आरोग्यधाम काढलें. पण स्ट्रेप्टोमायसीन व त्यामागून १९५२ सालीं आयसोनियाझिड हातीं येईपर्यंत वैद्याजवळ हवा, अन्न व विश्रांति यांपलीकडे फारसें कांहीं नव्हतें. औषधांनीं रोग हटूं लागला, हें मोठेंच भाग्य. पण उशिरां बरा झालेला क्षय फुप्फुसांत वण ठेवून जातो, आणि ते वण मोठे असले तर पुढें अनेक वर्षांनीं उजव्या हृदयावर भार पडतो. दुसरी वाट गिरण्यांची. १८५६ सालीं मुंबईंत पहिली कापडगिरणी चालू झाली. मागाहून घाटावरून व कोंकणांतून हजारों माणसें तेथें पोटासाठीं गेलीं. कापूस पिंजण्याच्या खात्यांत त्याची बारीक धूळ वर्षानुवर्षें छातींत जाऊन जो श्वासरोग होतो, त्याचीही शेवटची पायरी हीच.

उपायांचा इतिहासही बोधप्रद आहे. हृदय थकलें म्हणून वैद्य प्रथम हृदयालाच औषध देत राहिले. पण घाट तसाच ठेवून इंजिनाला नुसता कोळसा घालण्यासारखें तें होतें. खरा फरक पडला तो प्राणवायूनें. इंग्लंडांतील वैद्यकीय संशोधन मंडळानें १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या अवस्थेचे ८७ रोगी घेतले होते. ४२ जणांस घरीं दररोज निदान १५ तास प्राणवायू दिला. ४५ जणांस दिला नाहीं. पांच वर्षांत पहिल्या गटांतील १९ वारले, दुसऱ्यांतील ३०. रक्तांत प्राणवायू पुरेसा आला कीं आंखडलेल्या वाहिन्यांवरील ताण कमी होतो, हें फॉन ऑयलरच्या मांजरांनीं शिकविलेलें तत्त्व येथें माणसांच्या कामीं आलें. मात्र हा प्राणवायू डॉक्टरानें ठरवून दिलेल्या मापानेंच घ्यावयाचा असतो. कांहीं रोग्यांत तो बेसुमार दिल्यास रक्तांत कर्बवायू सांचून ग्लानि येते. आणि प्राणवायू घेणाऱ्यानें चुलीजवळ, निरांजनाजवळ किंवा पेटत्या विडीजवळ बसणें म्हणजे आगीस आमंत्रण होय. पायांची सूज उतरविण्यास लघवी वाढविणारीं औषधें दिलीं जातात, जेवणांतील मीठ कमी केलें जातें; पण हीं सर्व साधनें घाट उतरविणारीं नव्हेत, त्याचा चढ थोडा सुसह्य करणारीं आहेत.

म्हणून सर्वांत मोठा उपाय सर्वांच्या आधींचा आहे. २०१६ सालीं केंद्रसरकारनें उज्ज्वला योजना सुरू करून गरीब घरांतील स्त्रियांच्या नांवें गॅसच्या जोडण्या देण्यास प्रारंभ केला, आणि पुष्कळ स्वैपाकघरांतील धूर कमी झाला. तथापि जोडणी मिळणें आणि धूर संपणें या दोन गोष्टी एक नव्हेत. टाकी संपली व हातीं पैसा नसला कीं चूल पुनः पेटते. अंघोळीचें पाणी व भाकऱ्या तिच्यावरच होतात. शिवाय ज्या बाईच्या छातींत चाळीस वर्षांचा धूर आधींच गेला आहे, तिचा हिशेब नव्या शेगडीनें पुसला जात नाहीं.

शहरांतील सुशिक्षित घरांतून ही गोष्ट दूरची वाटण्याचा संभव आहे. पण त्याच घरांपैकीं कित्येकांची आजी किंवा मावशी गांवीं आहे, आणि कित्येकांच्या घरीं कामास येणारी बाई लहानपणापासून चुलीपुढें बसलेली आहे. तिचा खोकला वर्षानुवर्षांचा असेल, चालतांना ती बोलणें मध्येंच थांबवून श्वास घेत असेल, ओठ निळसर दिसत असतील, संध्याकाळीं घोट्यांवर सूज येत असेल, तर ‘वय झालें’ हें निदान नव्हे. फुंकून श्वास मोजण्याची चांचणी, छातीचें क्ष-किरण चित्र, हृदयाचा आलेख व ध्वनिलहरींनीं काढलेलें हृदयाचें चित्र एवढ्यावर बहुतेक सारें कळून येतें. सोमाटण्याशेजारीं तळेगांवीं १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालयच आहे. तेव्हां मावळांतील रोग्यास त्यासाठीं घाट उतरून मुंबईस जावयास नको. उणीव आहे ती त्या बाईस तेथवर घेऊन जाणाऱ्या माणसाची. सबंध जन्म तिनें घरच्यांसाठीं धूर गिळलेला असतो, आणि स्वतःच्या सुजलेल्या पायांविषयीं बोलण्याची संवय तिला नसते. पायांकडे पाहून छातीची विचारपूस करणें हें घरच्यांचें काम आहे. आणि तें सूज दिसण्याच्या आधीं, पहिल्या बारमाही खोकल्याच्या वेळींच झालें, तर उजव्या हृदयाला तो घाट चढावाच लागणार नाहीं.